सायलेन्सर आणि फिल्टर बदलल्यावर कार्बोरेटरचे जेट बदलावेत का, आणि नेमके कोणते?

कोपरीकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे रॉयल एनफिल्डची २०१२ सालची क्लासिक ३५० आहे, एमएच-०४ पासिंगची, सीव्ही कार्बोरेटर असलेली. रोजचा प्रवास कोपरीहून कळवा आणि विटावा करत ठाणे-बेलापूर रस्त्याने महाप्यापर्यंत. अलीकडेच गाडीला फ्री-फ्लो सायलेन्सर बसवून घेतला आणि त्याच वेळी एअर फिल्टरचा मूळ डबा काढून त्या जागी कोन फिल्टर लावला. तेव्हापासून अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात. सिग्नलवरून निघताना गाडी क्षणभर अडखळते आणि मग एकदम उचलते. प्लग काढून पाहिला तर तो पांढुरका दिसतो. ज्या दुकानातून हे भाग घेतले तेथे सांगण्यात आले की मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा पितळी तुकडा) दोन नंबर मोठा टाकला की सगळे ठीक होईल.

एकटा मेन जेट बदलून हा त्रास जाईल का, की पायलट जेट आणि नीडल (मेन जेटच्या वाटेत वरखाली होणारी निमुळती सुई) यांनाही हात लावावा लागेल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चहाटळ

फटाक्यांची कल्पना सोसायटीच्या सचिवांना दिली आहे का? आमच्याकडे रात्री दहानंतर दिवाळीसुद्धा चालत नाही.

पितळी_जेट

कोपरीकर, तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी एकीचाही मेन जेटशी थेट संबंध असेल असे मला वाटत नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल एकाच वाटेने जात नाही. अॅक्सिलरेटर बंद असताना आणि साधारण पाव उघडेपर्यंत पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू यांचे राज्य असते. पाव ते पाऊण या पट्ट्यात नीडलचा निमुळतेपणा आणि तिची उंची ठरवते की किती पेट्रोल वर ओढले जाईल. मेन जेटचे छिद्र खऱ्या अर्थाने आड येते ते पाऊण उघडल्यानंतर. अर्थात या सीमा काटेकोर नसतात, एकीचा अंमल दुसरीत मिसळतो.

आता विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून रांगेत सरकताना किंवा दिघ्याच्या सिग्नलवर थांबत निघताना तुम्ही अॅक्सिलरेटर किती पिळता, याचा विचार करा. त्यातच सीव्ही कार्बोरेटरमध्ये तुमची केबल फक्त खालची झडप उघडते. नीडल धरून ठेवणारी वरची स्लाइड इंजिनाच्या ओढीने, डायफ्रामच्या (लवचीक पडद्याच्या) मदतीने स्वतः वर येते. इंजिनावर भार नसेल तर मूठ पिळूनही स्लाइड अर्ध्यावरच राहते. शहरात चालणारी अशी गाडी दिवसाचा बहुतेक वेळ पायलट जेटवर आणि नीडलच्या पहिल्या भागावर काढते. सिग्नलवरून निघताना अडखळणे हे त्याच भागात पेट्रोल कमी पडत असल्याचे लक्षण आहे.

येऊरवासी

पितळी_जेट यांचे विवेचन बरोबर असले तरी निष्कर्ष मला पटत नाही. जेटिंगचा रूढ क्रम मेन जेट, मग नीडल आणि शेवटी पायलट असाच आहे, आणि त्याला कारण आहे. नीडलपर्यंत पोहोचणारे सगळे पेट्रोल आधी मेन जेटमधूनच येते. मेन जेट नंतर बदलला तर नीडलची जुळवलेली उंची पुन्हा हलते आणि केलेले काम वाया जाते. शिवाय हवेची वाट दोन्ही बाजूंनी मोकळी केल्यावर सर्वाधिक हवा पूर्ण अॅक्सिलरेटरवरच वाढते. त्या वेळी मिश्रण लीन राहिले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन तापतात. सिग्नलवर अडखळल्याने इंजिन खराब होत नाही. मुरबाडच्या रस्त्यावर मूठ पूर्ण पिळून लीन चालवल्याने होते.

वर्कशॉप_वागळे

दोघांचेही ऐकतो आहे, पण दोघेही जेटच्या डबीपर्यंत फार लवकर पोहोचलात. आयुष्यभर गाड्या उघडल्या, त्यावरून सांगतो: सायलेन्सर बदलल्यानंतर फटाके सुरू झाले की पहिला संशय बेंड पाईपच्या (इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाईपच्या) गॅस्केटवर घ्यावा. जुना सायलेन्सर काढताना बेंड पाईप हलतो, हेडपाशी बसलेले गॅस्केट दबून सपाट झालेले असते, आणि नवा पाईप त्याच जुन्या गॅस्केटवर कसला जातो. मग अॅक्सिलरेटर सोडल्यावर त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, तप्त पाईपमध्ये न जळालेले पेट्रोल तिच्याबरोबर पेटते आणि फट् असा आवाज येतो. यात कार्बोरेटरचा काही संबंध नसतो. जोडाभोवती काळे ओघळ दिसतात का ते पाहा. नसतील तर गाडी थंड असताना सुरू करून सायलेन्सरच्या टोकावर जाड ओला फडका क्षणभर दाबा आणि जोडाजवळ फुसफुस ऐकू येते का ते पाहा.

काही गाड्यांना प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा डायफ्राम फाटला किंवा सायलेन्सर मोकळा झाला की फटाके वाढतात. तुमच्या गाडीवर तशी नळी असेल तर तीही तपासून घ्या.

दुसरी जागा कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या मॅनिफोल्ड रबरची. इतक्या वर्षांच्या गाडीचे रबर वाकवून पाहिले तर बहुतेकदा तडे सापडतात. आयडलवर, म्हणजे मूठ न पिळता, गाडी चालू ठेवून रबरावर साबणाच्या पाण्याची फवारणी करा. आवाज बदलला तर तेथून हवा शिरते आहे. याच कामासाठी काही जण कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर ते कृपया करू नये.

हे सगळे निर्दोष निघाले तरच जेटकडे वळा.

नेरूळचे_नाना

वागळेसाहेबांशी शंभर टक्के सहमत. जेट विकत घेताना काय पाहावे, ते मी सांगतो. जेटवरचा आकडा सर्वत्र सारखा मोजला जात नाही. केहिनच्या मेन जेटवरचा आकडा ढोबळमानाने छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, तर मिकुनीच्या षट्कोनी जेटवरचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहते यावरून ठरतो. म्हणून एका कंपनीचा ११० आणि दुसरीचा ११० एकसारखे नसतात, आणि एकाच्या कार्बोरेटरमध्ये दुसऱ्याचा जेट आकड्यावरून बसवणे म्हणजे निव्वळ अंदाज.

बाजारात पाकिटावर नाव छापलेले पण छिद्र वाकडेतिकडे असलेले जेट सर्रास मिळतात. भिंगाखाली धरून पाहिले तर छिद्राच्या कडेला पितळाचा चुरा दिसतो. याहून वाईट म्हणजे जेट मिळत नाही म्हणून तारेने किंवा बारीक ड्रिलने तो मोठा करणारे महाभाग. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. व्यास दहा टक्के वाढवला की वाट एकवीस टक्क्यांनी मोठी होते. हाताने ड्रिल फिरवणाऱ्याला एवढी बारीक मोजणी शक्यच नाही.

आणि स्क्रू-ड्रायव्हर जेटच्या खाचेत नीट बसणाराच घ्यावा. पितळ मऊ असते. खाच एकदा झिजली की तो जेट काढण्यासाठी कार्बोरेटर बाहेर काढून नानाविध नवस बोलावे लागतात.

सरळ_वाट

माझे मत थोडे अप्रिय वाटेल, तरी मांडते. कोपरीकर, सायलेन्सर ठेवा, पण फिल्टरचा मूळ डबा परत बसवा.

सीव्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी, म्हणजे फिल्टरच्या बाजूला, लहान छिद्रे असतात. त्यांतली एक वाट डायफ्रामच्या खालच्या बाजूला हवेचा दाब पोहोचवते आणि बाकीच्या वाटा जेटना हवा देतात. डब्यामुळे या तोंडाशी हवा शांत आणि एकसारखी राहते. कोन फिल्टर थेट तोंडावर चढवला की तेथे हवेची खळबळ होते, बाजूने वारा लागला तरी दाब बदलतो आणि स्लाइडला किती वर यावे हे कळेनासे होते. काही स्वस्त कोन फिल्टरच्या रबराची आतली कड इतकी जाड असते की ती ही छिद्रे चक्क झाकून टाकते. मग स्लाइड उशिरा उठते, आणि तुम्ही लिहिलेत तसे गाडी आधी अडखळून नंतर एकदम उचलते. हा दोष कोणत्याही जेटने जाणार नाही.

शिवाय जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे काय होते, हे कोणाला सांगायला नको. डबा पाण्यापासूनही वाचवतो. उघडा कोन फिल्टर घेऊन विटाव्याच्या पुलाखालच्या पाण्यात शिरण्याची माझी तरी हिंमत नाही.

चहाटळ

त्या पाण्यात शिरायला कोन फिल्टर नव्हे, वल्हे लागते.

आरएक्सप्रेमी

चर्चा फोर-स्ट्रोकची आहे, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे यामाहाची आरएक्स १०० आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडणे केवळ अडखळण्यापुरते राहत नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसतो. एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर) लावून मेन जेट तसाच ठेवणारे आणि लांब सरळ रस्त्यावर मूठ पूर्ण पिळून ठेवणारे लोक लवकरच सिलिंडर बोअरिंगवाल्याच्या दारात दिसतात. म्हणून आमच्या पंथात मेन जेट आधी, थोडा रिच (पेट्रोल जास्त देणारा), आणि मग हळूहळू खाली, हाच नियम. येऊरवासी यांचा आग्रह तेथूनच आला असावा.

येऊरवासी

आरएक्सप्रेमी यांनी माझे कूळ बरोबर ओळखले. मात्र आणखी एक बाब आहे, जिच्याकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही. ही गाडी २०१२ची आहे. २०१३-१४ साली देशभरातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे सरासरी प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते; २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे कोपरीकरांचा कार्बोरेटर ज्या इंधनासाठी जुळवला गेला, ते इंधन आता पंपावर सहसा मिळत नाही. सायलेन्सर आणि फिल्टर न बदलताही ही गाडी आज पूर्वीपेक्षा लीन चालत असणार.

पितळी_जेट

येऊरवासी यांनी फार मोलाचा मुद्दा काढला. त्याचा हिशेब मांडून पाहू. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरते. तेव्हा तेवढीच हवा येत असताना पूर्वीइतकेच मिश्रण हवे असेल, तर इंधन आठ-नऊ टक्क्यांनी जास्त जायला हवे. क्षेत्रफळ तितके वाढवायचे तर नानांच्या नियमाने छिद्राचा व्यास साधारण चार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे व्यासाने मोजलेल्या १०० नंबरच्या जागी १०४ च्या आसपास. इंजिनियर लोकांनी मूळ गाडीत थोडी सवलत ठेवलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी बदल पुरतो. पण दिशा निश्चित आहे. येऊरवासी, मेन जेट एक पायरी वाढवावा हे तुमचे म्हणणे मी आता मान्य करतो. त्याचे कारण मात्र सायलेन्सरइतकेच इंधनही आहे.

पायलटबद्दल एक खूण. मिक्श्चर स्क्रू हळूच तळापर्यंत बसवा, दाबू नका, आणि दीड-दोन फेरे बाहेर काढून सुरुवात करा. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल मोजतो आणि बाहेर काढल्यावर मिश्रण रिच होते. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो आणि बाहेर काढल्यावर लीन होते. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू तीन फेऱ्यांहून अधिक बाहेर काढल्याशिवाय आयडल स्थिर होत नसेल तर पायलट जेट एक नंबर मोठा लागेल. काही कार्बोरेटरवर हा स्क्रू पितळी टोपीखाली झाकलेला असतो, तो नाही असे समजून चालू नये.

नीडलला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि मधल्या पट्ट्यात पेट्रोल वाढते. खाचा नसतील तर क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटर जाडीचा लहान वॉशर टाकतात. एका वेळी एकच बदल करावा, हे मात्र सर्वांनी पाळावे.

ऐरोली_उड्डाणपूल

बदल केल्यावर तपासायचे कोठे? पाम बीच रस्ता सरळ आणि लांब आहे, सकाळी लवकर गेले तर रिकामाही असतो.

सरळ_वाट

पाम बीचवर कृपया नको. त्या रस्त्यावर वेगाने गेलेल्यांच्या बातम्या पुरेशा वाचल्या आहेत, आणि तेथे कॅमेरेही आहेत. पूर्ण अॅक्सिलरेटरची चाचणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, मर्यादित वेगातही होते. भार मिळाल्याशी मतलब.

मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्विचच्या घरावर चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करून ठेवा. नाहीतर अर्धा म्हणून आपण जो धरतो तो बहुतेक वेळा पाव असतो.

आयडलसाठी एक स्वस्त उपाय सुचवते. पीयूसी काढायला जाल तेव्हा छापील कागद घेऊन लगेच निघू नका, मीटरवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाहा. तुमच्या २०१२ च्या फोर-स्ट्रोक दुचाकीसाठी ही मर्यादा ३.५ टक्के आहे. आकडा शून्याला चिकटलेला असेल आणि गाडी अडखळत असेल तर पायलट खरोखर लीन आहे. मर्यादेला टेकला असेल तर तुम्ही आधीच पुरेसे रिच आहात. केंद्रावर गर्दी नसेल तर विनंती केल्यावर स्क्रू अर्धा फेरा फिरवून पुन्हा नळी लावू देतात.

ऐरोली_उड्डाणपूल

प्लगच्या रंगावरून कळत नाही का? आमचे जुने मेकॅनिक फक्त प्लग पाहून सांगत.

वर्कशॉप_वागळे

शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात प्लग भराभर रंग पकडत असे. आताच्या पेट्रोलवर नवा प्लग बराच चालवल्याशिवाय त्याच्या टोकावर काही उमटत नाही, आणि जुन्या प्लगवरचा रंग मागच्या सहा महिन्यांचा सरासरी हिशेब सांगतो. पाहायचेच असेल तर नवा प्लग लावून, अॅक्सिलरेटर एकाच खुणेवर धरून चालवून, क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी तळाशी, धातूला लागून उमटलेली काजळीची कडी पाहावी. टोकाच्या रंगावरून निदान करू नये. कोपरीकरांचा पांढुरका प्लग मी पुरावा म्हणून धरत नाही.

खर्चाची तयारी असेल तर बेंड पाईपला नट वेल्ड करून वाइडबँड लॅम्बडा सेन्सर लावावा. लॅम्बडा म्हणजे पूर्ण जळण्यासाठी लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष आलेली हवा; पूर्ण अॅक्सिलरेटरवर तो ०.८६ ते ०.८८ च्या दरम्यान आला की ताकद चांगली मिळते. आकडा लॅम्बडामध्येच वाचावा, कारण मीटरवर १४.७ च्या मापाने दाखवलेले गुणोत्तर आताच्या मिश्र इंधनाला तसेच्या तसे लागू पडत नाही.

कायद्याचे_बोला

तांत्रिक चर्चेत व्यत्यय आणतो आहे, परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची आठवण करून देणे आवश्यक वाटते. नोंदणीच्या वेळच्या मूळ रचनेत बदल करण्यावर त्यात निर्बंध आहेत. आवाज आणि धूर यांच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय परवान्यावरही परिणाम होतो. २०२७ मध्ये ही गाडी पंधरा वर्षांची होईल आणि नोंदणी नूतनीकरणासाठी आरटीओत न्यावी लागेल. मूळ सायलेन्सर भंगारात घातला नसेल, अशी आशा करतो.

चहाटळ

घातला असेल तर सचिवांना विचारा. त्यांनी तो नक्की जपून ठेवला असेल.

कोपरीकर

सर्वांचे मनापासून आभार. वागळेसाहेबांच्या सांगण्यावरून आधी बेंड पाईप पाहिला. गॅस्केट चपटे झालेले होते आणि जोडाभोवती काळे ओघळ स्पष्ट दिसत होते. नवे गॅस्केट टाकल्यावर फटाके जवळजवळ थांबले. लांब उतारावर अॅक्सिलरेटर सोडला तर अजून अधूनमधून एखादा आवाज येतो. मॅनिफोल्ड रबर शाबूत निघाले.

सरळ_वाट यांचा अंदाजही खरा ठरला. कोन फिल्टरच्या रबराची कड तोंडाजवळच्या एका छिद्रावर अर्धी आलेली होती. फिल्टरचा मूळ डबा नव्या कागदी फिल्टरसह परत बसवला आणि अडखळणे बरेच कमी झाले. त्यानंतर पायलट जेट एक नंबर मोठा घेतला, नीडलखाली पातळ वॉशर टाकला, आणि स्क्रू दोन फेऱ्यांच्या जरा पुढे ठेवल्यावर आयडल स्थिर झाले. पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या बरेच खाली आले. मूळ सायलेन्सर माळ्यावर सुरक्षित आहे, हे कायद्याचे_बोला यांना नम्रपणे कळवतो.

मेन जेटला मी अजून हात लावलेला नाही. तो बदलायची खरोखर गरज आहे का, हे लॅम्बडा सेन्सरशिवाय कसे ओळखावे?

येऊरवासी

दोन सोप्या कसोट्या आहेत. गाडी पूर्ण तापल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर द्या आणि ओढ स्थिर झाली की मूठ किंचित मागे घ्या. गाडी त्या क्षणी जोरात ओढू लागली तर मेन जेट लहान आहे. दुसरी कसोटी चोकची. तसाच पूर्ण अॅक्सिलरेटर असताना चोक थोडासा ओढून पाहा. ओढ वाढली तर पेट्रोल कमी पडत होते, गाडी जड झाली तर जेट पुरेसा आहे. येऊरचा चढ अरुंद आहे आणि सकाळी तेथे फिरायला येणारी माणसे असतात, म्हणून तेथे नको. मुरबाडच्या पुढे माळशेजच्या दिशेला रहदारी कमी असते, तेथे पहाटे करा. मात्र घाट चढून वर गेल्यावर हीच चाचणी करू नका. हवा दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्क्यांनी विरळ होते, त्यामुळे वर गाडी आपोआप रिच चालते आणि लहान जेटसुद्धा पुरेसा वाटतो.

पितळी_जेट

आणि जेट खरेच बदललात तर फ्लोटची (कार्बोरेटरखालची पेट्रोलची) वाटी काढण्याआधी टाकीचा कॉक बंद करायला विसरू नका, तापलेले इंजिन थंड होऊ द्या, आणि वाटीच्या कडेचे रबरी सील नवे घ्या. इथेनॉलमुळे जुनी सीले फुगतात आणि एकदा बाहेर काढली की खाचेत परत बसत नाहीत. फ्लोटची उंचीही त्याच वेळी पट्टीने मोजून घ्या. पेट्रोलची पातळी खाली असेल तर कोणत्याही नंबरचा जेट टाकलात तरी गाडी लीनच चालेल.